जुन्या सुट्या भागांची कीचेन: प्रश्न गोंदाचा नाही, जोडाचा आहे

परभणी जिल्ह्यातील सेलू येथील एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्या वडिलांचे मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज ३२ वर्षांनंतर येत्या दिवाळीला बंद होत आहे. गॅरेजमधील पत्र्याच्या पेटीत जुने गिअर, बेअरिंग, इंजिनचे व्हॉल्व्ह, टायमिंग चेनचे तुकडे आणि वडिलांचे बंद पडलेले एचएमटीचे मनगटी घड्याळ एवढा ऐवज आहे. त्यातून वडिलांच्या गाडीच्या किल्लीसाठी कीचेन बनवावी आणि गॅरेज बंद होईल त्या दिवशी ती त्यांच्या हातात द्यावी, अशी त्याची इच्छा आहे. त्याने बेअरिंगवर एक छोटा गिअर आणि त्यावर आणखी एक चकती अशी रचना झटपट चिकटणाऱ्या गोंदाने करून पाहिली, परंतु चार दिवसांत सगळे सुटले. आता यापेक्षा पक्का गोंद कोणता, असे त्याने विचारले आहे.

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममध्ये २६ वर्षे फिटर म्हणून काम केले असून, निवृत्तीनंतर घरच्या वाइसवर (वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यावर) अशा लहान वस्तू नियमितपणे बनवत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा खरा प्रश्न गोंदाचा नाही. गोंद बदललात तर चार दिवसांऐवजी चार महिने जातील, पण वस्तू सुटणारच, कारण कीचेनवर ज्या प्रकारचा ताण येतो तो कोणत्याही चिकटलेल्या जोडाला सोसत नाही.

भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूला फक्त स्वतःचे वजन पेलायचे असते. कीचेन मात्र दिवसभर किल्ल्यांवर आपटते, खिशात पिळली जाते, घामाने ओली होते आणि आठवड्यातून एकदा तरी फरशीवर पडते. झटपट चिकटणारा गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. सरळ ओढले तर तो बराच जोर सोसतो, पण एका कडेने उचकटले किंवा ठोका बसला की तडकतो. त्यात गॅरेजमधल्या भागांच्या बारीक छिद्रांत आणि खोबणींत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते, आणि वरून पुसले तरी गोंद लावल्यावर ते हळूहळू जोडात उतरते. तुमच्या रचनेत आणखी एक अडचण होती. बेअरिंगची बाजू सपाट दिसली तरी प्रत्यक्षात आतल्या आणि बाहेरच्या रिंगची अरुंद कडच गिअरला टेकते, त्यामुळे गोंदाला धरायला जागाच उरत नाही. दोन ट्यूबमधला इपॉक्सी अधिक चिवट असतो हे खरे, तथापि घरच्या तापमानाला वाळणारे साधे इपॉक्सी साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि मे महिन्याच्या दुपारी परभणीच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीला हात लावून पाहिला तर किल्लीला अडकवलेले लोखंड किती तापत असेल हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. यंत्राचा भाग हा कशाला तरी अडकण्यासाठी, कशावर तरी बसण्यासाठी किंवा कशाभोवती तरी फिरण्यासाठीच घडवलेला असतो. त्यात छिद्र असते, खोबण असते, आटे असतात, काप असतात. ज्याने तो भाग आखला त्याने आपल्यासाठी अडकवण्याची जागा आधीच करून ठेवलेली असते, आणि ती शोधली की गोंद फार थोडा लागतो, बहुतेकदा लागतच नाही. पेटी उघडाल तेव्हा कोणता भाग सुंदर दिसतो हे पाहण्याआधी कोणता भाग कशाने धरता येतो हे पाहावे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी येथून ठरवू शकत नाही. वडील किल्ली पँटच्या खिशात ठेवतात की सदऱ्याच्या, त्यांच्या गाडीचे कुलूप नवे आहे की झिजलेले, तुमच्याकडे ड्रिल मशीन आणि वाइस आहे की नाही, गावात लेथवाला (यंत्रावर धातू कातणारा कारागीर) ओळखीचा आहे की नाही, या सगळ्यांचा निर्णयावर परिणाम होतो. गॅरेज अजून सुरू असल्यामुळे वाइस आणि ड्रिल असेल असे मी गृहीत धरतो.

सर्वांत आधी वजन पाहावे. किल्ली गाडीला लावलेली असताना कीचेन खड्ड्याखड्ड्याला झोके घेते, आणि तो सगळा हेलकावा किल्लीच्या मार्गाने कुलपाच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर येतो. झिजलेले कुलूप अशा वजनाने लवकर सैल होते. मी शोभेचा भाग, कडी आणि रिंग मिळून ३५ ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही. अंदाजासाठी एक हिशेब ध्यानात ठेवावा: २५ मिमी व्यासाची आणि ३ मिमी जाडीची भरीव चकती पोलादाची असेल तर साधारण साडेअकरा ग्रॅम भरते, पितळेची साडेबारा आणि अॅल्युमिनियमची चार. गिअरबॉक्समधले मोठे गिअर या हिशेबात बसतच नाहीत. ते टेबलावर कागद दाबायला उत्तम, किल्लीला अयोग्य.

दुसरी परीक्षा कडकपणाची आहे. बेअरिंगच्या रिंगा ज्या पोलादाच्या असतात त्याला आमच्याकडे ईएन ३१ म्हणतात. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते आणि ते पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, इतके कडक केलेले असते की साधे ड्रिल त्यावर नुसते किंचाळते. टोक घसरते, तापते, निळे पडते आणि रिंगवर चकाकणाऱ्या ओरखड्यापलीकडे काही होत नाही. गिअरचे दातही वरच्या थरात असेच कडक केलेले असतात. कोणताही भाग हाती घेतला की त्याच्या न दिसणाऱ्या कडेवर कानस एकदा फिरवावी. कानस चावली तर तेथे छिद्र पाडता येईल, घसरली तर त्या भागात छिद्र पाडण्याचा विचार सोडून द्यावा. भट्टीत लालबुंद करून रात्रभर राखेत निवू दिल्यास असे पोलाद मऊ होते, पण बेअरिंग तापवले की त्याचे सील आणि ग्रीस जळते, रिंगांमधले छर्रे (पोलादी गोळ्या) खराब होतात आणि जी गोष्ट फिरते म्हणून आपल्याला आवडली ती फिरेनाशी होते. तेव्हा तो मार्ग नको.

आता पेटीतून काय निवडावे याविषयी माझे स्पष्ट मत असे की एकच भाग निवडावा. गिअर, बेअरिंग, चेन आणि घड्याळाची चाके एकत्र रचली की त्यांत कोणाचीच ओळख उरत नाही. ३२ वर्षे गाड्यांची चाके आणि क्लच उघडणाऱ्या माणसाने आयुष्यात सर्वांत अधिक वेळा काय बदलले असेल, तर बेअरिंग. ते फिरते, हाताला चाळा देते आणि त्याला मधोमध तयार छिद्र आहे. बेअरिंगचा नंबर रिंगच्या कडेवर कोरलेला असतो, तो भिंगाने वाचावा. चाकांमधले ६२०२ नंबरचे बेअरिंग १५ मिमी भोकाचे, ३५ मिमी व्यासाचे आणि ११ मिमी जाडीचे असते आणि एकटेच ४५ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणून ते बाद. पेटीत ६००० नंबरचे सापडले तर तेच घ्यावे: भोक १० मिमी, व्यास २६ मिमी, जाडी ८ मिमी आणि वजन सुमारे १९ ग्रॅम. पुढची मापे मी त्याच नंबरासाठी देतो.

बेअरिंग धरायचे ते आतल्या रिंगने, म्हणजे बाहेरची रिंग मोकळी फिरते. त्यासाठी तीन वस्तू लागतात: भोकात बसणारे पितळी बुश (आखूड नळी), बेअरिंगच्या दोन्ही बाजूंनी खाली येणारी स्टीलची यू आकाराची पट्टी आणि या सगळ्यांतून आरपार जाणारे रिव्हेट, म्हणजे टोक ठोकून डोके केलेली खीळ.

बुश लेथवर करून घ्यावे. बाहेरून १० मिमी, आतून ४ मिमीपेक्षा किंचित मोठे आणि लांबी साडेआठ मिमी. लांबी बेअरिंगच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवण्याला कारण आहे. पट्टीचे दोन्ही पाय बुशच्या टोकांवर टेकले पाहिजेत, बेअरिंगवर नाही. पाव पाव मिमीची ही फट राहिली नाही तर बाहेरची रिंग पायांना घासते. बुश अंगठ्याने दाबून भोकात बसेल असे असावे. लेथवाल्याच्या हातून ते थोडे सैल झालेच, तर येथे मात्र गोंदाला जागा आहे. बुश भोकात चारही बाजूंनी बंदिस्त असते, त्याला उचकटणारा जोर येत नाही आणि गोंदाला भोकाच्या आतला पूर्ण गोल पृष्ठभाग मिळतो. इपॉक्सीचा पातळ थर तेथे वर्षानुवर्षे टिकतो. मात्र तो काडीने बुशवरच लावावा, कारण एक थेंब जरी छर्ऱ्यांकडे गेला तरी बेअरिंग गेले.

पट्टीसाठी १ मिमी जाडीचे आणि ८ मिमी रुंदीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. रेलिंग आणि गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे असे कातरण पडलेले असते. घरातल्या जुन्या भांड्याचा पत्रा बहुधा पातळ असतो, तो काही दिवसांत वाकतो. हिशेबाने लांबी ५५ मिमी पुरते; मी ६२ मिमी कापतो आणि वाकवल्यानंतर टोके घासून बेतात आणतो. वाकवण्यासाठी साडेआठ मिमी जाडीचा सागवानी ठोकळा कानसीने बेतून घ्यावा, पट्टी त्याच्याभोवती वाइसमध्ये दाबावी आणि लाकडी हातोडीने हळूहळू वळवावी. थेट लोखंडी हातोडी मारली तर पट्टीवर खड्डे उमटतात आणि ते नंतर घासून जात नाहीत.

या पट्टीच्या बाबतीत मी दोन चुका करून शिकलो, त्या तुम्ही टाळाव्यात. पहिल्या वेळी मी पट्टी सपाट असतानाच दोन्ही पायांत छिद्रे पाडली. वाकवताना पट्टी अर्धा मिमी सरकली, दोन छिद्रे समोरासमोर राहिली नाहीत आणि रिव्हेट तिरके बसून बेअरिंग एका बाजूला कलले. तेव्हापासून मी आधी वाकवतो, तोच सागवानी ठोकळा पायांमध्ये ठेवतो आणि एका पायावर पंचाने खूण मारून दोन्ही पाय ठोकळ्यासकट एकाच वेळी आरपार छेदतो. दुसरी चूक उंचीची. छिद्राच्या मध्यापासून वरच्या आडव्या भागाच्या आतल्या बाजूपर्यंत मी १५ मिमी ठेवले होते. बेअरिंगची त्रिज्या १३ मिमी, म्हणजे वर फक्त २ मिमी जागा उरली, आणि किल्लीची रिंग त्या फटीत शिरताच बेअरिंगला घासू लागली. फिरणारी कीचेन फिरेना. हे अंतर १८ मिमी ठेवावे. वर ५ मिमी मोकळी जागा राहते आणि रिंग मोकळी हलते. पट्टीच्या वरच्या आडव्या भागात मधोमध ४ मिमीचे छिद्र पाडावे. पट्टी ८ मिमी रुंद असल्यामुळे छिद्राच्या दोन्ही बाजूंना दोन दोन मिमी धातू उरतो, त्यापेक्षा कमी ठेवू नये.

स्टेनलेस छेदताना एक पथ्य पाळावे. मशीन हळू फिरवावे, दाब मात्र पक्का ठेवावा आणि तेलाचा थेंब सोडत राहावे. वेग जास्त आणि दाब कमी असेल तर ड्रिल कापण्याऐवजी घासते, त्या जागी स्टील आणखी कडक होते आणि मग तेच ड्रिल पुढे सरकत नाही. छिद्र झाले की दोन्ही बाजूंची धार मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून मोडावी. ही धार राहिली तर ती रिंग कापत राहते आणि खिशाचे कापडही फाडते.

रिव्हेट ठोकणे हा या कामाचा गाभा आहे. दोन पाय १ मिमीचे आणि बुश साडेआठ, म्हणजे मध्ये साडेदहा मिमी जातात. डोके घडवण्यासाठी रिव्हेटच्या व्यासाच्या सव्वापट, म्हणजे ५ मिमी बाहेर राहिले पाहिजे. त्यामुळे ४ मिमी व्यासाचे, एका बाजूला तयार डोके असलेले १६ मिमी लांबीचे पितळी रिव्हेट घ्यावे. ते आधी गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावे. पोलाद असे केले तर कडक होते. पितळ मऊ होते. मग तयार डोके ऐरणीवर किंवा वाइसच्या मागच्या सपाट भागावर ठेवावे, पूर्ण वजन त्या डोक्यावरच आले पाहिजे आणि बेअरिंग हवेत राहिले पाहिजे. गोल तोंडाच्या लहान हातोडीने मधोमध नव्हे, तर कडेकडेने गोल फिरत हलके ठोके मारावेत. पहिल्या दहाबारा ठोक्यांत टोक नुसते चपटे होते, नंतर ते छत्रीसारखे पसरू लागते आणि पायाला टेकते. तेथे थांबावे. दोनचार मोठ्या घावांत काम उरकण्याची घाई केली तर रिव्हेट छिद्राच्या आत वाकते. आणि बेअरिंग खाली टेकलेले असेल तर तो घाव छर्ऱ्यांमधून जातो, रिंगमध्ये बारीक खड्डे पडतात आणि फिरवल्यावर बोटांना खरखर जाणवते. तुमच्या वडिलांनी बोटांच्या त्याच जाणिवेवर हजारो बेअरिंग बाद केली असतील, त्यांच्या हाती खरखरणारे बेअरिंग जाऊ नये.

साफसफाईबद्दल थोडक्यात सांगतो. बेअरिंग दोन प्रकारची असतात. पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगच्या नंबरापुढे झेडझेड आणि रबरी सील असलेल्याच्या पुढे टू आरएस अशी अक्षरे असतात. काहींना झाकणच नसते. तेल काढून टाकले तर बेअरिंग भिंगरीसारखे फिरते, ग्रीस राहिले तर जड फिरते पण स्वच्छ राहते. खिशात ठेवायचे असल्यास मी रबरी सीलचे बेअरिंग ग्रीससकट ठेवणे पसंत करतो, कारण उघड्या बेअरिंगमधून सुटणारा काळा डाग पांढऱ्या कपड्यावरून निघत नाही. उघडेच हवे असेल तर ते डिझेलमध्ये बुडवून ब्रशने धुवावे, पूर्ण निथळू द्यावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब द्यावेत. पेट्रोल वापरू नये. गॅरेजमध्ये ती सवय असते, पण बंद खोलीत पेट्रोलची वाफ एका ठिणगीला पुरते. धुतलेले बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवण्याचा मोहही टाळावा. कोरडे बेअरिंग त्या वेगाला फुटू शकते.

लोखंडाच्या उघड्या भागावर गंज चढू नये यासाठी वॉर्निश शोधत बसण्याची गरज नाही. जवसाचे किंवा करडईचे तेल आपल्या भागात घरोघरी माहीत आहे, आणि ही दोन्ही हवेत सुकून पापुद्रा धरणारी तेले आहेत. बेअरिंगची बाहेरची रिंग कापडाने घासून त्यावर तेलाचे बोट फिरवावे, जास्तीचे पुसून काढावे आणि दोन दिवस उन्हात ठेवावे. पातळ, पिवळसर थर तयार होतो. दोन वेळा केले की पावसाळ्यात आणि घामाच्या हातात पुरेसा बचाव होतो. तेलाचे कापड मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. विशेषतः जवसाच्या तेलाचे बोळे सुकताना आतून तापतात आणि पेट घेऊ शकतात. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकावे.

त्याच पेटीविषयी तीन इशारे देतो. कडक पोलादावर, म्हणजे बेअरिंगच्या रिंगवर किंवा गिअरच्या दातावर, थेट हातोडी मारू नये. कपची उडून डोळ्यात जाते, आणि चष्मा न लावता मी रिव्हेटचा पहिला ठोकाही मारत नाही. जुने ब्रेक शू आणि क्लच प्लेट यांचे अस्तर घासू नये, कारण जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते. आणि पेटीत मोठ्या गाडीच्या इंजिनचा एखादा व्हॉल्व्ह असेल तर तो कापू किंवा छेदू नये. काही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ असतात आणि त्यांत सोडियम भरलेले असते, जे पाण्याला लागताच भडकते.

व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर तुमच्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हबद्दलही सांगतो, कारण बेअरिंग योग्य नंबराचे मिळाले नाही तर मी त्याकडेच वळेन. त्याच्या दांड्याच्या टोकाशी व्हॉल्व्ह लॉक (व्हॉल्व्ह जागेवर धरणारी पकड) बसण्यासाठी बारीक खोबण असते. सव्वा मिमीची स्टेनलेस तार त्या खोबणीत दोन वेढे घट्ट गुंडाळून, वर तिचीच कडी वळवून, टोके पिळून दाबली की एकही छिद्र न पाडता व्हॉल्व्ह लटकतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या तबकडीवरचा तपकिरी, राखाडी रंग घासून चकचकीत करू नये. तो रंग इंजिनच्या धगीने चढलेला आहे, कोणत्या गाडीत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण कसे होते हे तुमचे वडील तो पाहून सांगू शकतील. मात्र व्हॉल्व्ह लांब असतो आणि खिशात टोचतो, म्हणून तो घराच्या किंवा कपाटाच्या किल्लीला शोभतो.

घड्याळाबद्दल माझे मत कदाचित तुम्हाला आवडणार नाही. ते उघडू नये. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला आणि २०१६ मध्ये सरकारने हा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. चावीची ती घड्याळे दुरुस्त करणारे कारागीर परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे अजून आहेत. बंद पडलेल्या चावीच्या घड्याळात अनेकदा फक्त तेल सुकलेले असते. त्याची पितळी चाके कागदाइतकी पातळ असतात, खिशात ती एक आठवडाही टिकणार नाहीत, आणि चालू शकणारे घड्याळ मोडून शोभेसाठी वापरणे मला पटत नाही. ते दुरुस्त करून कीचेनबरोबर द्यावे.

कामाचा क्रम पुन्हा एकदा सांगतो, कारण तो चुकला तर मागे जाता येत नाही: आधी बेअरिंगचा नंबर आणि वजन, मग बुश, मग पट्टीवर अक्षरे, मग वाकवणे, मग छेदणे, धार मोडणे, साफसफाई आणि सर्वांत शेवटी रिव्हेट.

अक्षरांचा उल्लेख वर राहून गेला. कडक बेअरिंगवर आपल्याला काही कोरता येत नाही, पण पट्टीच्या पायांवर येते, आणि ते पट्टी सपाट असतानाच करून घ्यावे. भांड्यांच्या दुकानात विजेच्या सुईने नाव घालणारा माणूस असतो, त्याच्याकडे जावे. आपल्याकडे लग्नातल्या ताटावाट्यांवर जो हात चालतो तोच हात येथे हवा. पट्टी ८ मिमी रुंद आहे, मराठी अक्षरांना वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, म्हणून अक्षराचा मुख्य भाग ३ मिमीपेक्षा उंच ठेवू नये असे त्याला आधीच सांगावे. एका पायावर गॅरेजचे नाव आणि दुसऱ्यावर सुरू झाल्याचे व बंद झाल्याचे वर्ष एवढे मावते. पायाच्या मध्यावर रिव्हेटचे छिद्र येणार नसून ते खालच्या टोकाशी येणार आहे, तेव्हा अक्षरे वरच्या दीड सेंटिमीटरमध्ये बसवावीत.

वरच्या छिद्रात सुटी कडी घालू नये. वाकवून बंद केलेल्या साध्या कडीचे तोंड काही महिन्यांत उघडते. माझ्या शेजाऱ्यांची स्कूटरची किल्ली मी दिलेल्या अशाच कडीतून निसटून पैठणच्या रस्त्यावर पडली आणि त्यांना तेथून गाडी टेम्पोत घालून आणावी लागली. तेव्हापासून मी छिद्रात थेट १५ मिमीची दुपदरी रिंग घालतो आणि तीत किल्लीची २८ मिमीची दुपदरी रिंग ओवतो. पूर्ण झाल्यावर कीचेनला ५ लिटर पाण्याचा भरलेला कॅन रात्रभर टांगून ठेवावा आणि सकाळी रिंगांचे पदर फाकले नाहीत ना ते पाहावे. त्यानंतर कमरेच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर दहा वेळा पडू द्यावी. रिव्हेटचे डोके हलले नाही आणि बेअरिंग पूर्वीसारखेच फिरले तर ती वडिलांना देण्याजोगी झाली.

दिवाळीला अजून अवधी आहे, त्यामुळे पहिला प्रयत्न पेटीतल्या दुसऱ्या एखाद्या बेअरिंगवर करावा आणि हात बसल्यावर निवडलेल्याला हात लावावा. ६००० नंबरचे बेअरिंग सापडले नाही तर पेटीतल्या सर्वांत लहान तीन बेअरिंगांचे नंबर आणि घरच्या काट्यावर भरलेले वजन कळवावे. त्या नंबराप्रमाणे बुशची, पट्टीची आणि रिव्हेटची मापे मी काढून देईन.